डाव्या चाकाचे पॅड पुन्हा पुन्हा संपतात, ब्रेक दाबला की ‘टक्’ वाजतं : जुन्या गाडीत नेमकं काय तपासायचं

तक्रार अशी. पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड आठ-नऊ हजार किलोमीटरमध्ये संपायचे. तेवढ्यात उजवीकडचे निम्मेही झिजायचे नाहीत. ब्रेक दाबला की डावीकडे खालून एकदा ‘टक्’, पाय उचलला की पुन्हा एकदा ‘टक्’. जरा जोरात ब्रेक लागला तर गाडी डावीकडे ओढायची आणि पेडल सोडताच स्टिअरिंग उजवीकडे हलका झटका द्यायचं. शिवाय डावा पुढचा टायर आतल्या कडेने जास्त खाल्लेला.

गाडी २००८ सालची मारुती अल्टो, ७९६ सीसीची, सव्वा लाख किलोमीटर धावलेली. राहायला चिपळूणला, आणि महिन्यातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाटाने कराडला जाणं ठरलेलं. म्हणजे घाट, पाऊस, खड्डे आणि दमट हवा हे चारही नेहमीच्या वाट्याला.

तीन वर्षांत पॅड तीनदा बदलले, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश दोनदा, आणि अलाइनमेंट तर दर वेळी. प्रत्येक कामानंतर गाडी दोन-तीन महिने चांगली चालायची, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी श्रावणात घाट उतरताना पॅडचं अस्तर पूर्ण संपलं आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासायला लागली. मागच्या सीटवर आई होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकला हात ठेवून घाटाखालच्या पोफळीपर्यंत गाडी उतरवली. पॅड तेवढे बदलले, पण त्या दिवशी ठरवलं की आता कारण सापडल्याशिवाय आणखी एकही पार्ट बदलायचा नाही.

जे सापडलं ते आधीच सांगतो. डाव्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकत्या पिना अडकत होत्या, कारण त्यांना दर वेळी साधं ग्रीस लावलं जात होतं. आणि लोअर आर्मचा बुश लवकर फाटत होता, कारण त्याचा बोल्ट दर वेळी चाक हवेत लोंबकळत असताना आवळला जात होता. पार्ट चांगले होते, बसवण्याची पद्धत चुकीची होती. वर ही दोन्ही दुखणी एकाच चाकाला होती, आणि प्रत्येक गॅरेजने त्यातलं एकच पाहिलं.

चाकाला पुढे-मागे कोण धरून ठेवतं

हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, म्हणून थोडं सविस्तर.

अल्टोला आणि जुन्या ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. तो वर बॉनेटखाली रबरी माउंटिंगला आणि खाली चाकाच्या नकलला (ज्यावर चाकाचा हब बसतो त्या लोखंडी भागाला) बोल्ट केलेला. गाडीचं वजन या खांबावर येतं. खाली लोअर आर्म असतो. या गाड्यांत तो एकच आडवा दांडा आहे, त्यामुळे चाक आत-बाहेर सरकू नये एवढंच तो बघतो. चाक पुढे-मागे सरकू नये हे काम करतो स्टॅबिलायझर बार. त्याची टोकं दोन्ही लोअर आर्ममधून जातात आणि तिथे रबरी बुश, वॉशर आणि नट असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात याला ‘टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस’ असं भारदस्त नाव होतं.

म्हणजे हा बार वळणावर गाडीला कलू देत नाही आणि ब्रेक मारल्यावर चाकाला जागेवरही धरून ठेवतो. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. बुश फाटलेले असतील तर चाक खरोखरच काही मिलिमीटर मागे जातं, वॉशर धातूवर आपटतो आणि ‘टक्’ वाजतं. चाक मागे गेलं की त्याचा कोन बदलतो आणि गाडी त्या बाजूला ओढते. ब्रेक सोडला की चाक परत पुढे येतं. दुसरा ‘टक्’ आणि स्टिअरिंगचा झटका तो.

स्विफ्टसारख्या पुढच्या पिढीच्या गाड्यांत लोअर आर्म एल आकाराचा असतो आणि हे काम त्याचा मागचा जाड बुश करतो. जागा बदलते, लक्षण तेच राहतं. म्हणूनच ब्रेकची म्हणून गॅरेजला नेलेली तक्रार कित्येकदा बुशची निघते.

गाडी जमिनीवर असतानाच कळणारं

आमच्या आळीत एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना आवाज ऐकवला. त्यांनी बॉनेटही उघडायला लावलं नाही. म्हणाले, “पॅड राहू दे बाजूला. ब्रेक दाबल्यावर चाक कुठं जातंय ते आधी बघ.”

सपाट जागा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगितला. मी मागून गाडी पुढे-मागे झुलवली. मोबाइल आधी उजव्या, मग डाव्या चाकासमोर विटेला टेकवून व्हिडिओ चालू ठेवला होता. चाक फिरायला मोकळं नाही, त्यामुळे सगळा जोर बुशवर येतो.

“मामा, सोडू का?”

“नको, दाबून धर. आवाज आला का रे तुला?”

“पायाखालीच वाजतंय!”

व्हिडिओ हळू करून पाहिला तर उजवं चाक मडगार्डच्या कडेपाशी जेमतेम हलत होतं. डावं चांगलं बोटाच्या पेराएवढं मागे जाऊन परत येत होतं. जॅक न लावता, एक बोल्टही न उघडता अर्धं उत्तर हातात आलं. जुन्या गाडीची तपासणी मी आता याच चाचणीपासून सुरू करतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

जमिनीवरच करायच्या आणखी तीन गोष्टी आहेत. बॉनेट उघडून एक हात स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. हाताखाली स्प्रिंग अडकून ‘टंग’ करून सुटली तर वरचं बेअरिंग गेलेलं आहे. अशा गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपसूक सरळ येत नाही.

टायरवरून तळहात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहता दोन्ही पुढची चाकं किती समांतर आहेत तो हिशेब, बिघडलेला आहे. टायरवर थोड्या-थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाही. शॉकअपसाठी नुसता कोपरा दाबून गाडी किती वेळा उसळते ते मोजू नका. गंजलेला किंवा घट्ट झालेला शॉकअपही त्यात पास होतो. दांड्याखाली तेलाचा ओला ओघळ आणि टायरवरचे खळगे यांवर माझा जास्त विश्वास आहे.

तिसरं म्हणजे उष्णता. आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवा, हळूहळू थांबवा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हाताची उलटी बाजू न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. माझ्या डाव्या चाकाजवळ हात टिकत नव्हता आणि जळकट वास येत होता. उजवं जेमतेम कोमट. ब्रेक न दाबताही डावा पॅड डिस्कला चिकटून होता, एवढं यातून कळलं.

जॅकवर

गाडीखाली जायचं तर फक्त जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि गाडीखाली जॅक स्टँड ठेवा. स्टँड नसेल तर चाक हलवून बघण्यापुरतंच काम करा आणि खाली डोकं घालू नका. पावसाळ्यात मातीच्या अंगणात जॅक कधी कलंडेल त्याचा नेम नाही.

चाक उचलल्यावर वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल यांचा सांधा) किंवा स्ट्रट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथला ढिलेपणा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) किंवा स्टिअरिंग रॅकचा. टाय रॉडच्या सांध्यावर बोट ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायला सांगितलं तर सांध्यातली हालचाल बोटाला स्पष्ट कळते.

बॉल जॉइंटसाठी लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी (लांब लोखंडी दांडा) घालून हलकेच उचकटून बघा. रबरी टोपी फाटलेली दिसली तर जॉइंट आज घट्ट असला तरी त्याचे दिवस भरलेत. आत चिखल गेलेला असतो. बुशच्या बाबतीतही नजरेवर जाऊ नका. बाहेरून दिसणारी बारीक भेग वरवरची असू शकते. टॉमी लावल्यावर रबर धातूच्या नळीपासून सुटून फट दिसते का, ते महत्त्वाचं. माझ्या डाव्या आर्मच्या आतल्या टोकाच्या बुशचं रबर अर्ध्या घेरात सुटलं होतं. स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा बुश अंडाकृती झाला होता आणि वॉशरला चकचकीत घासलेला कडा आला होता. तो चकाकणारा कडा म्हणजेच ‘टक्’चा पुरावा.

आर्मचा हा बुश आठ महिन्यांपूर्वीचा, म्हणजे जवळजवळ नवाच होता. माझ्या डोक्यात खरा प्रश्न इथे सुरू झाला.

पॅड उघडल्यावर

पॅड नुसते काढून फेकू नका. चारही ओळीने मांडा, डावा-आतला, डावा-बाहेरचा, उजवा-आतला, उजवा-बाहेरचा, आणि प्रत्येकाची जाडी मोजा. यासारखी दुसरी तपासणी नाही, आणि गॅरेजमध्ये जुने पॅड थेट भंगाराच्या डब्यात जात असल्यामुळे ती कधीच होत नाही. माझे असे निघाले : उजवीकडे आत आणि बाहेर साधारण ७-७ मिलिमीटर. डावीकडे बाहेरचा ६, आतला जेमतेम २, आणि तोही एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड.

हे वाचायचं कसं? अशा गाड्यांत कॅलिपर सरकता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. पिना गंजल्या किंवा सुकल्या तर कॅलिपर सरकत नाही. जोर आतल्या पॅडवरच राहतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. आतला फार झिजलेला असेल तर आधी पिना आणि मग पिस्टन. बाहेरचा फार झिजलेला असेल तर कॅलिपर परत सरकत नाही, म्हणजे पुन्हा पिनाच. पॅड तिरका झिजलेला असेल तर दोनपैकी एक पिन अडकलेली आहे किंवा पॅड ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने फसला आहे. दोन्ही पॅड सारखेच पण दुसऱ्या चाकापेक्षा खूप जास्त झिजले असतील तर संशय पिस्टनवर किंवा कॅलिपरपर्यंत ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी होजवर घ्यायचा.

होजचं दुखणं फसवं असतं. जुना होज आतून फुगून त्याचं भोक बारीक होतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण मागे यायला जोर नसतो, म्हणून ब्रेक लागलेलाच राहतो. चाक उचलून फिरवून बघा. फिरत नसेल तर कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (तेल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) थोडं ढिलं करा. तेल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलेला होता. मग पुन्हा ब्रेक दाबून चाक जाम करा आणि या वेळी होजच्या आधीचा, धातूच्या नळीकडचा जोड ढिला करा. तिथे सोडूनही चाक जामच राहिलं तर होज बदला. मोकळं झालं तर दोष वर, पेडलच्या जोराने तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. निपल ढिलं करूनही चाक सुटत नसेल तर तेलाचा संबंध नाही, पिना किंवा पिस्टन. माझं चाक निपल उघडूनही घट्टच राहिलं.

कॅलिपर काढल्यावर तो होजवर लटकू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. खालची पिन मला हाताने ओढून निघेना. पान्याने फिरवत फिरवत काढली तेव्हा काळपट, चिकट डिंकासारखा थर तिच्यावर होता आणि रबरी बूट फुगून सैल, मऊ झाला होता. आतल्या भोकातून बारीक गाळ निघाला. तो गाळ कुठला हे ओळखायला मला वेळ लागला नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमची गाडी थोड्या उंचीवर होती, पण चाकं हबपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गाडी धुतली, इंजिन ऑइल बदललं, आतले गालिचे वाळवले. कॅलिपर उघडून बघावेत हे घरात कोणाला सुचलं नाही. घरातच कमरेएवढा चिखल होता. पुरात किंवा खोल पाण्यात उभी राहिलेली गाडी घेतली असेल, तर चारही चाकांचे ब्रेक एकदा पूर्ण उघडून साफ करून घ्या, मग बाकीचं.

मग प्रश्न उरला तो साध्या ग्रीसचा. त्यानंतर तीनदा पॅड बदलताना पिना पुसून त्यांना बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस लावलं गेलं होतं. ते खनिज तेलाचं असतं. ब्रेकची रबरं खनिज तेल सोसत नाहीत, फुगतात. फुगलेलं रबर पिनेला पकडतं, उष्णतेने ग्रीस सुकून त्याचा डिंक होतो, आणि पिन पुन्हा जाम. सुरुवातीचे दोन-तीन महिने मात्र सगळं मऊ चालतं, म्हणून काम झालं असं वाटतं. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं. दुकानात ‘कॅलिपर पिनचं ग्रीस’ म्हणून मागा आणि गॅरेजला जाताना स्वतः घेऊन जा.

दुरुस्ती आणि ती ज्या दोन ठिकाणी चुकते

दोन्ही बाजूंचे कॅलिपर उघडले. पिनांवरचा थर काढून त्या पॉलिश पेपरने साफ केल्या. डावी खालची खड्डे पडलेली होती, ती बदलली. बूट चारही नवे. पिस्टन हळूच मागे दाबताना निपल उघडं ठेवलं, म्हणजे जुनं काळं तेल टाकीत परत न जाता बाहेर पडलं. पिस्टन सुरळीत सरकत होता, त्याच्या कडेचं रबर शाबूत होतं, म्हणून तो तसाच ठेवला. ब्रॅकेटच्या ज्या खाचांत पॅडचे कान बसतात, तिथला गंज वायर ब्रशने खरवडला. धूळ फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, विशेषतः जुन्या गाडीत. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा.

डाव्या डिस्कवर लोखंडाने खोल चर पाडले होते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंजाखाली असतो, घासून बघा. चर जातील इतकी लेथवर घासली तर ती त्या आकड्याच्या खाली जाणार होती, म्हणून दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या घातल्या. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने लख्ख करा. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क किंचित वाकडी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात की नवी डिस्क खराब निघाली. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर आवळा, एका बाजूने ओळीने नाही.

आता बुश. लोअर आर्म मी बॉल जॉइंट आणि बुशसकट नवेच घेतले, दोन्ही बाजूंचे, आणि स्टॅबिलायझर बारचे सगळे बुश. काम गॅरेजमध्येच केलं, पण एक अट घातली : आतल्या टोकाचा बोल्ट चाक हवेत असताना फक्त हाताने बसवायचा. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, वॉशिंगच्या रॅम्पवर चढवून, पूर्ण वजन चाकांवर असताना तो आवळायचा.

याचं कारण सोपं आहे. या बुशमध्ये धातूची आतली नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर घट्ट चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला पक्की होते आणि त्यानंतर आर्म वर-खाली झाला की रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर ‘खाली लटकलेली’ जागा ही त्या रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर उभ्या-उभ्याच पिळलेलं. त्यात प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. आठ महिन्यांत फाटलं यात नवल नाही. चाकांवर उभं असताना आवळलं तर रबर सरळ स्थितीत असतं आणि वर-खाली दोन्हीकडे थोडंथोडंच पिळतं.

मेकॅनिकला हे सांगितल्यावर तो आधी नाराज झाला. रॅम्पवर पुन्हा चढवायचं म्हणजे अर्धा तास जास्त. मी म्हटलं, “दादा, अर्ध्या तासाचे वेगळे घ्या, पण असंच करू.” त्याने केलं, आणि नंतर स्वतःच्या रिक्षावाल्या गिऱ्हाइकालाही हे सांगताना मी ऐकलं.

अलाइनमेंट या सगळ्यानंतर करायची. ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसते आणि पहिल्या ब्रेकला बिघडते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल, दोन बाजूंना फार वेगळा दिसला तर आकडा जुळवायच्या मागे लागू नका, वाकलेला आर्म किंवा स्ट्रट शोधा.

ब्रेकचं तेल आणि घाट

काळं पडलेलं तेल पूर्ण बदललं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तर लवकरच. नव्या डॉट ३ (ब्रेक तेलाची एक प्रत) तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात चिकटलेल्या पॅडने कॅलिपर तापला की पाणी मुरलेलं तेल उकळू शकतं. वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ, खाली जाणारं होतं. दर दोन वर्षांनी तेल बदला आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

घाट ज्या गिअरवर चढता त्याच गिअरवर उतरा, हे आपल्याकडे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी खरं आहे.

आणखी एक. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. अंगणातून गाडी बाहेर काढतानाच भिंतीला धडकलेली उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा.

तुमचं लक्षण वेगळं असेल तर

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, नाही दाबला की शांत : डिस्कची असमान जाडी किंवा हबवरचा गंज. ठरावीक वेगाला थरथरतं, ब्रेकचा संबंध नाही : चाकांचं बॅलन्सिंग, वाकडी रिम. लहान खड्ड्यांवर खडखड पण ब्रेकवर काही नाही : स्टॅबिलायझर बारला जोडणारा लिंक रॉड असलेल्या गाडीत आधी तोच, मग स्ट्रटचं माउंटिंग. पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट : सीव्ही जॉइंट (इंजिनाचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा सांधा), त्याचं फाटलेलं बूट रबर बघा. वेगाबरोबर वाढणारी घरघर, वळणावर कमी-जास्त होणारी : हब बेअरिंग. दोन्ही पुढचे पॅड सारखेच पण फार लवकर संपतात : मागचे ड्रम उघडा. मागचे लाइनर ड्रमपासून दूर राहिले असतील किंवा तेलाने माखले असतील तर सगळं काम पुढच्या ब्रेकवर येतं.

एका बाजूला ओढणारी गाडी ओळखताना एक चूक फार होते. डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक खराब असं नाही; डावा नीट आणि उजवा लागतच नाही असंही असू शकतं. म्हणून दोन्ही बाजू उघडल्याशिवाय निकाल देऊ नका.

काम होऊन आता चौदा महिने झाले, गाडी अकरा हजार किलोमीटर चालली. मागच्या रविवारी चाकं काढून पॅड मोजले : डावीकडे आत ७, बाहेर ७, उजवीकडे आत ७, बाहेर साडेसात. चारही पिना बोटाने सरकल्या. भाच्याने पुन्हा ब्रेक दाबून धरला, मी गाडी झुलवली, आणि दोन्ही चाकं जागेवर राहिली. उजव्या स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं रबर मात्र थोडं वर फुगलेलं दिसतंय. नवं माउंटिंग आणून ठेवलंय. दिवाळीच्या आधी तेवढं काम उरकायचं आहे.